मे महिन्यात तळं मोजू नका

गोव्यातल्या पाणथळ जागांची हद्द आखून त्या अधिसूचित, म्हणजे सरकारी आदेशाने जाहीर, करण्याबद्दलचा लेख वाचला. नंदा तळ्याचं कौतुक आहेच, 2022 मध्ये त्याच्या रूपाने गोव्याला पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) मिळालं. पण बाकीच्या तळ्यांचं काय?

आमच्या वाड्याखालच्या तळ्याची मोजणी झाली ती मे महिन्यात! तेव्हा तिथे भेगाळलेली माती आणि चरणाऱ्या म्हशी. मोजणारे दोघे म्हणाले, "पाणी एवढंच?" जुलैत या म्हणावं, आमच्या घाटाच्या तिसऱ्या पायरीला पाणी लागतं. आता कोरड्या दिवसांतली काठाची रेघ नकाशावर उतरली की पावसाळ्यातला अर्धा विस्तार बाहेरच राहणार. पाणथळ जागांच्या 2017 च्या केंद्रीय नियमांत गेल्या दहा वर्षांच्या सरासरी पूररेषेपासून 50 मीटरपर्यंत पक्कं बांधकाम नको असं म्हटलंय. ती पूररेषा मेमध्ये दिसणार कुणाला?

दुसरं, खाजन जमिनी, म्हणजे बांध घालून खाडीच्या खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल शेतं. त्याच नियमांतून भातशेती, मिठागरं आणि सीआरझेडमधला (किनारी नियमन क्षेत्रातला) भाग वगळलाय. सीआरझेडचं संरक्षण कागदावर आहे, मान्य. पण मानशीची (बांधातल्या पाणी अडवायच्या दाराची) फळी कुजली, बांध फुटला, खारं पाणी शेतात शिरलं, तर नजर ठेवणार कोण? जमीन कसणारी कुळं कमी झाली, मुलं नोकरीला गेली.

करमळीच्या तळ्यावर हिवाळ्यात अडई बदकांचे थवे मोजायला लोक दुर्बिणी घेऊन येतात. त्यातल्या कुणीतरी पावसात छत्री घेऊनही यावं. हद्द दाखवायला मी येतो, चिखलात उतरायची तयारी ठेवा.