हेडसेटने नंबर उतरत नाही, आणि बापू, मॉनिटर विकू नको

परवा रात्री साडेदहाला अमळनेरहून धाकट्या भावाचा, बापूचा, मेसेज आला. "ताई हे वाच, मी दोन्ही मॉनिटर विकायला काढतोय." खाली तो लांबलचक फॉरवर्ड. गेल्या पंधरा दिवसांत तोच फॉरवर्ड मला शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर आला, सोसायटीच्या ग्रुपवर आला, डीटीपीवाल्यांच्या (छपाईचा मजकूर कॉम्प्युटरवर मांडणाऱ्यांच्या) ग्रुपवर तर दोनदा आला, आणि दरवेळी मी न वाचता पुढे गेले. आता तो माहेरच्या घरात शिरलाय म्हटल्यावर गप्प बसवत नाही.

ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मॉनिटरचा जमाना संपला म्हणे. एक मिक्स्ड रिअ‍ॅलिटी हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर बांधायचा स्क्रीनचा डबा, डोक्याला लावा, हवेत तीन मोठे फोर-के, म्हणजे एकदम बारीक-स्पष्ट, स्क्रीन दिसतील, कॉम्प्युटर लागणार नाही, आठ तास काम करा थकवा नाही, वीज वाचेल, लोडशेडिंगची चिंता नाही, शेजारच्याला तुमचा स्क्रीन दिसणार नाही. आणि कळस म्हणजे स्क्रीन लांब दिसतो म्हणून डोळ्यांचा नंबर उतरतो, मुलांनाही रोज तासभर द्या.

शेवटचा मुद्दा मी आधी घेणार, कारण तोच सगळ्यात घातक आहे. बापूचा मुलगा तिसरीत आहे, आठ वर्षांचा. मागच्या महिन्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं तर नंबर अडीचवरून तीन झालेला. नवीन चष्म्याची चिठ्ठी दिली, ती अजून फ्रिजवर चुंबकाखाली लटकलीये. मी वहिनीला विचारलं चष्मा केला का, तर म्हणाली, "थोडं थांबलोय ताई, हेडसेट आलं की नंबर उतरतो म्हणतात, उगाच दोनदा खर्च कशाला." पोरगं वर्गात फळ्यावरचं शेजारच्याच्या वहीतून उतरवून घेतंय आणि घरचे फॉरवर्डवर विसंबून बसलेत! माझा राग इथे आहे.

लहान मुलांना मायनस नंबर लागतो तो बहुतेक वेळा बुबुळाच्या मागचा डोळ्याचा गोळाच लांबीला वाढतो म्हणून. मोठ्या माणसाचा डोळा पुढून मागे साधारण २४ मिलिमीटर असतो. तो एक मिलिमीटर जास्त वाढला की अडीच ते तीन नंबर लागतो. वाढलेला गोळा परत आखडत नाही, चष्म्याने नाही, व्यायामाने नाही आणि हेडसेटने तर नाहीच. हातात असतं ते फक्त वाढीचा वेग कमी करणं, त्यासाठी डॉक्टर लागले तर थेंब देतात, खास चष्मे देतात, आणि मुलाला उजेडात बाहेर खेळायला पाठवा म्हणतात. तैवानने २०१० पासून शाळांमधून मुलांना रोज १२० मिनिटं बाहेर काढायची मोहीम चालवली ती याच कारणासाठी. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी पोराला बाहेर काढता येत नाही हे मलाही कळतं, पण सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी पाचनंतरचं अंगण कुठे गेलं नाही. ते सोडून त्याच्या तोंडावर डबा बांधायचा?

आता यात अर्धं सत्य कुठून आलं असावं तेही सांगते, नाहीतर म्हणाल ताई एकतर्फी बोलते. अमेरिकेत ल्युमिनोपिया नावाच्या उपचाराला २०२१ मध्ये तिथल्या एफडीएची, म्हणजे औषधं-उपकरणं तपासणाऱ्या सरकारी खात्याची, मंजुरी मिळाली, आणि त्यात मुलाला हेडसेट लावतात हे खरं आहे. पण तो आळशी डोळ्यासाठी आहे, म्हणजे ज्या मुलाचा एक डोळा मेंदू वापरतच नाही त्याच्यासाठी. मंजुरी मिळाली तेव्हा वय ४ ते ७, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही, आणि त्यातला व्हिडिओ दोन्ही डोळ्यांना मुद्दाम वेगवेगळा दाखवतात. नंबर उतरवण्याशी त्याचा काही संबंध नाही, आणि तो नंबराचा चष्मा घालूनच करायचा असतो. कोणीतरी "हेडसेट", "मुलं", "डोळे" एवढे तीन शब्द उचलले आणि फॉरवर्ड शिजवला.

हेडसेट बनवणारे स्वतः काय म्हणतात बघा ना. अ‍ॅपल म्हणतं व्हिजन प्रो १३ वर्षांखालच्यांसाठी नाही. मेटा म्हणतं क्वेस्ट १० वर्षांखाली नाही, आणि १० ते १२ ला आईवडिलांच्या देखरेखीतलं खातं लागतं. आमचं पोरगं आठ वर्षांचं आहे. विकणाराच नको म्हणतोय आणि फॉरवर्डवाला रोज तासभर द्या म्हणतोय.

"स्क्रीन लांब दिसतो" हे मात्र अर्धं खरं आहे, मान्य करते. भिंगांमुळे चित्र एक मीटरच्या पुढे असल्यासारखं दिसतं आणि आपला मॉनिटर हातभर अंतरावर असतो, म्हणजे जवळचं बघायचा ताण थोडा कमी. पण तिथे दुसरीच भानगड होते. हवेतला स्क्रीन तुम्ही नाकाजवळ ओढला की दोन्ही डोळे आत वळतात, सुईत दोरा ओवताना वळतात तसे, पण डोळ्यातलं भिंग मात्र लांबच फोकस धरून बसतं. एरवी या दोन गोष्टी जोडीने होतात, इथे त्यांची फारकत. डोकं जड होतं ते बऱ्याचदा यामुळे.

आता कामाचं. मी जळगावला एकोणीस वर्षं डीटीपी करतेय, बापूची अमळनेरला लग्नपत्रिकांची प्रेस आहे, म्हणजे आमचं पोटच अक्षरांवर चालतं. या आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी गेले होते तेव्हा पुण्याहून चुलत भावाचा मुलगा त्याचं हेडसेट घेऊन आला होता, कंपनीचं नाव घेत नाही. मी म्हटलं दे, बघतेच. त्याने बापूच्या कॉम्प्युटरला जोडून दिलं आणि मी एक खरीखुरी पत्रिका उघडली, गिऱ्हाईकाची, दुसऱ्या दिवशी छापायला जायची होती.

पहिली पाच मिनिटं भारी वाटलं, खोटं कशाला बोलू. ओसरीच्या भिंतीवर दाराएवढा स्क्रीन. मग वाचायला लागले. "आमचे येथे श्रीकृपेकरून" दिसलं, मोठं होतं. वर "कुर्यात् सदा मंगलम्" मध्ये त् आणि म् चे पाय मोडलेत की नाही तेच कळेना, अनुस्वाराचा ठिपका डोकं हललं की थरथरायचा, आणि खाली निमंत्रकांची नावं नऊ पॉइंटात होती तिथे रफार आणि मात्रा एकमेकांत मिसळून गेलेल्या. स्क्रीन जवळ ओढला तर अक्षर दिसायचं पण ओळ संपेपर्यंत मान पार उजवीकडे. बाहेर ४३ डिग्री, खोलीत कूलर चालू, तरी वीस मिनिटांत भिंगावर वाफ धरली. आई स्वयंपाकघरातून आली आणि म्हणाली, "हाई काय बांधी लिधं व डोयाले?" सव्वा तासाने काढलं तर माझी टिकली फोमला चिकटलेली आणि कपाळावर लाल वळ. नंतर तीच पत्रिका मॉनिटरवर बघितली तेव्हा दोन चुका सापडल्या ज्या हेडसेटमध्ये माझ्या नजरेतून निसटल्या होत्या, त्यातली एक मुलीच्या मामाच्या नावात. लग्नात मामाचं नाव चुकलं तर काय होतं ते आपल्या भागात कोणाला समजावून सांगायला नको.

हे माझ्या म्हाताऱ्या डोळ्यांचं नाही, साधा हिशोब आहे. क्वेस्ट ३ मध्ये एका डोळ्याला २०६४ गुणिले २२०८, म्हणजे साडेपंचेचाळीस लाख पिक्सेल (चित्राचे ठिपके), आणि तेही समोर दिसणाऱ्या अख्ख्या दृश्यासाठी. फोर-के मॉनिटरला एकट्याला ८३ लाख लागतात. तुमचा हवेतला स्क्रीन त्या दृश्याचा एक तुकडा, मग त्यात फोर-के मावणार कुठून, आणि तीन-तीन कुठून? जाहिरातीतलं "फोर-के प्लस" दोन्ही डोळ्यांची बेरीज धरली तरच जमतं, आणि दोन्ही डोळे बघतात तोच स्क्रीन. दुसरं मोजमाप म्हणजे नजरेच्या एका अंशात किती पिक्सेल बसतात. चांगल्या नजरेला साधारण ६० लागतात. क्वेस्ट ३ देतो २५. आपला चोवीस इंची साधा फुल एचडी मॉनिटर, जो आठ-दहा हजारात मिळतो, हातभर अंतरावरून ३८ च्या आसपास देतो. अ‍ॅपलचं व्हिजन प्रो, जे अमेरिकेत २०२४ ला ३,४९९ डॉलरला आलं, ते उपकरणं खोलून तपासणाऱ्या आयफिक्सिटवाल्यांनी खोलून मोजलं तर सरासरी ३४ भरलं. म्हणजे बापू, तू जे दोन विकायला काढलेस ते या दोन्हींपेक्षा स्पष्ट आहेत. इंग्रजीला एकवेळ चालेल, आपल्या लिपीला वर, खाली, पोटात सगळीकडे खुणा असतात.

आठ तास थकवा नाही म्हणे. यावर कोणी नुसतं मत देण्यापेक्षा एक अभ्यासच बघा. जर्मनीतल्या कोबुर्ग विद्यापीठाच्या लोकांनी केंब्रिज आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांबरोबर २०२२ मध्ये केलेला. १६ जणांनी एक आठवडा हेडसेटमध्ये आणि एक आठवडा साध्या टेबलावर, रोज आठ तास आपलं नेहमीचं काम केलं. खरं तर सुरुवातीला आणखी दोघं होते, ते पहिल्याच दिवशी सोडून गेले, अर्धशिशी, मळमळ आणि घाबरल्यासारखं झालं म्हणून. जे टिकले त्यांनी हेडसेटमध्ये कामाचा ताण ३५ टक्के जास्त सांगितला, चिडचिड ४२ टक्के जास्त, डोळ्यांचा ताण ४८ टक्के जास्त, आणि काम किती झालं हे त्यांना स्वतःला १६ टक्के कमी वाटलं. हेडसेट जुनं होतं, क्वेस्ट २, हे मान्य. दिवस जातील तशी थोडी सवय होत गेली असंही त्यांनी लिहिलंय, तेही मान्य. पण "थकवा नाही" हे कुठून आणलं? क्वेस्टच्या सूचनांमध्येच, त्याचं नाव ऑक्युलस होतं तेव्हापासून, लिहिलंय की दर अर्ध्या तासाने दहा-पंधरा मिनिटं थांबा, गरज वाटत नसली तरी. अर्धा किलो वजन आहे तोंडावर, आणि बॅटरी दोन तासांच्या आसपास, मग आठ तास चार्जरची वायर गळ्यात घेऊनच बसायचं.

आणि उन्हाळा विसरू नका. व्हिजन प्रोच्या माहितीत अ‍ॅपलने वापरायचं तापमान ० ते ३० डिग्री दिलंय. जळगाव-भुसावळला मे महिन्यात रात्री दहालासुद्धा ३० च्या वर असतं. एसी असेल तर गोष्ट वेगळी, बापूच्या प्रेसमध्ये कूलर आहे.

कॉम्प्युटर लागत नाही हे तर साफ चूक. आमचं डिझाइनचं कोरल, मराठी टायपिंगचं श्रीलिपी, बापूचं हिशोबाचं टॅली, सगळं विंडोजवर चालतं. हेडसेट फक्त त्या कॉम्प्युटरचं चित्र वाय-फायवरून ओढून दाखवतं. लाईट गेली की राऊटर बंद, कॉम्प्युटर बंद, मग हेडसेटची बॅटरी भरलेली असून उपयोग काय? लॅपटॉप असेल तर वायर लावून काम निघतं, एवढं खरं. विजेचं म्हणाल तर चोवीस इंची एलईडी मॉनिटर वीसेक वॉट खातो, त्यात वाचवून वाचवून किती वाचवणार.

शेजारच्याला दिसत नाही, हे बरोबर आहे. तो पुण्याचा भाचा महाराष्ट्र एक्सप्रेसने येताना लॅपटॉपला जोडून तासभर काम करतो, त्याला आवडतं, आणि प्रवासात त्याच्याकडे दुसरा स्क्रीन नसतोच. ज्याची गरज तशी आहे त्याने खुशाल घ्यावं, मी कोणाला अडवत नाही. पण दुकानातला मॉनिटर विकून घेऊ नये. एक गोष्ट अजून, मायक्रोसॉफ्टने विंडोज मिक्स्ड रिअ‍ॅलिटी हे हेडसेट चालवायचं सॉफ्टवेअर २०२३ च्या डिसेंबरात बंद करायचं जाहीर केलं आणि विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीतून ते काढूनच टाकलं. त्यावर चालणारी चांगली धडधाकट हेडसेट लोकांच्या घरात नुसती पडून राहिली. माझा २०१४ चा मॉनिटर अजून चालू आहे, वायर लावली की झालं.

बापू, ती विक्रीची जाहिरात आज काढ. आणि फ्रिजवरची चिठ्ठी घेऊन पोराला चष्म्याच्या दुकानात ने, फ्रेम त्याला निवडू दे, पैसे मी पाठवते. वहिनीलाही हे वाचायला दे.