ती हसली नव्हती

आज नणंदेच्या सुनेचं डोहाळजेवण होतं. कार्यक्रम छान झाला, पोरगी हिरव्या साडीत फार गोड दिसत होती, तिला सगळ्यांचे आशीर्वाद आहेतच. पण घरी आल्यापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये. साडेदहा वाजून गेलेत, झोप येत नाही, म्हणून इथे लिहून मोकळी होते.

पंगतीत विषय निघाला थायलंडचा. आमच्यातलेच एक जण नुकतेच जाऊन आले. बँकॉक, पट्टाया, फुकेत, सात रात्री. आणि अभिमानाने सांगत काय होते? "सात दिवसांत तिकडचा एक घास तोंडात घातला नाही! टूरवाल्यांचे महाराज बरोबर होते. रोज गरम पोळ्या, वरणभात, शेवटच्या दिवशी श्रीखंड." सगळे खूश. मग कोणीतरी म्हणालं, "बरं केलंत, ते लोक झुरळं न् विंचू खातात." हशा. मग गाडी माझ्याकडे वळली. "वहिनी तर तिथे जाऊन, वर पैसे भरून, स्वयंपाक करून आल्या! घरी कमी पडतो का हो?" पुन्हा हशा.

मी काही बोलले नाही. वाढणारा मुलगा समोर आला, त्याच्याकडून मसालेभात घेतला आणि मान खाली घालून जेवले. त्याचाच आता जास्त राग येतोय. तेव्हा जे बोलायला हवं होतं, ते आता बोलते.

मागच्या वर्षी जानेवारीत मी आणि लेक चियांग माईला गेलो होतो. थायलंडच्या उत्तरेला डोंगरांच्या कुशीतलं गाव, 1296 साली वसवलेलं, जुन्या गावाभोवती अजून चौकोनी खंदक आहे. लेकीने तिथे दिवसभराचा थाई स्वयंपाकाचा क्लास ठरवला होता. माणशी बाराशे बाथ. मला आधी पटलं नव्हतं, हे खरं. सुट्टीतही चुलीपुढेच उभं राहायचं का, असं मीही तिला म्हटलं होतं. सकाळी एक लाल गाडी न्यायला आली, मागे समोरासमोर दोन बाकं असलेली. तिला तिथे सोंगथेव म्हणतात, म्हणजे दोन ओळी.

आधी बाजारात नेलं. शिकवणारी बाई चाळिशीतली, सगळे तिला 'पी' म्हणत होते, मोठ्या भावंडाला म्हणतात तसं. ती एकेक जिन्नस हातात देई आणि हुंगायला लावी. गवती चहा तर आपल्या अंगणातलाच. मग आल्यासारखं एक गुलाबीसर मूळ दिलं. ते कोळिंजन निघालं. घसा बसला की आई ज्याचा तुकडा दाढेखाली धरायला द्यायची, तेच. तिथे ते रोजच्या आमटीत पडतं. नंतर तिने काळपट फळांचा एक छोटा घोस तळहातावर ठेवला. मी हुंगलं आणि चिपळूणच्या घरात पोचले. तिरफळ! म्हणजे तिरफळाचं भावंड, त्याला तिकडे मखवेन म्हणतात आणि त्या भागातले लोक ते लापमध्ये, म्हणजे बारीक कापलेल्या मांसाच्या मसालेदार पदार्थात, घालतात. आजीच्या बांगड्याच्या आमटीचा वास, मुंबईपासून इतक्या लांब, एका अनोळखी बाईच्या हातून. मी लेकीला म्हटलं, हे बघ, हे आपलं आहे. पंगतीत जे हसत होते त्यांच्यातल्या निम्म्यांच्या घरी तिरफळाचा डबा आहे!

बरं, आता तुळशीची गोष्ट सांगते, कारण खरं तर तेवढ्यासाठीच लिहायला बसलेय.

पहिला पदार्थ होता पॅड कप्राव. मिरची-लसूण खलात ठेचायचं, मोठ्या आचेवर परतायचं, त्यात खिमा नाहीतर टोफू, आणि शेवटी मूठभर पानं टाकायची. ती पानं म्हणजे कप्राव, आणि कप्राव म्हणजे आपली तुळस. आपल्या वृंदावनातलीच जात. मी पानं हातात घेतली, वास आला आणि हात कढईवर थांबला. नाहीच टाकवेना. ज्या रोपाला मी पन्नास वर्षं पाणी घालतेय त्याची मूठभर पानं कढईत, तीही खिम्यावर, कशी टाकू? बाकीच्यांच्या कढया खडखडत होत्या, माझा लसूण करपायला लागला.

पी आली. तिने आधी माझा गॅस बारीक केला. मग विचारलं, काय झालं. लेकीने सांगितलं की आमच्याकडे घरापुढे हिची पूजा करतात, आई रोज दिवा लावते.

ती हसली नाही. डोळेही फिरवले नाहीत. दोन्ही हात जोडून जरा मान लववली, माझ्या हातातली पानं अलगद परत घेतली, बाजूच्या टोपलीतून दुसरी आणली, जांभळ्या दांड्याची, बडीशेपेसारखा वास येणारी. होरफा. आणि म्हणाली, ही घालून करा, चव वेगळी होईल पण चांगली होईल. एवढंच. मग करपलेला लसूण तिने स्वतः काढून टाकला आणि नवा ठेचून दिला.

तिच्या जेवणाला आपण भरपंगतीत हसतो, आणि माझ्या तुळशीला ती हसली नाही. मला तिथे हे ओरडून सांगायचं होतं.

आणि हो, किडे विकतात. गाड्यांवर तळून ठेवलेले असतात, मी पाहिलेत, मी खाल्ले नाहीत. म्हणून काय अख्खा देश तेच खातो? कोणी मुंबई बघायला यावं, फक्त बोंबलांचा वास घ्यावा आणि घरी जाऊन सांगावं की ही माणसं कुजकं खातात, तर कसं वाटेल आपल्याला?

शाकाहारी माणसाचे तिथे हाल होतात, तेही मान्य. माशांचं पाणी, नाम प्ला, ते मिठासारखं सगळ्यात घालतात. भाजी मागितली तरी त्यात असतं. पण विचारलं तर कळतं ना! आमच्या क्लासमध्ये एक शाकाहारी मुलगी होती, तिला पीने कपीऐवजी, म्हणजे कोलंबीच्या आंबवलेल्या गोळ्याऐवजी, तुआ नाव दिलं, आंबवलेल्या सोयाबीनच्या वाळवलेल्या चकत्या, उत्तरेकडचा खास जिन्नस. शिवाय त्यांच्यात 'जे' नावाचा प्रकार आहे, त्यात कांदा-लसूणसुद्धा चालत नाही. पिवळ्या पताकेवर लाल अक्षर दिसलं की समजायचं. चातुर्मास पाळणाऱ्या माणसांना हे परकं वाटायचं काही कारण आहे का? पण त्यासाठी बसमधून उतरून कोणाशी तरी बोलावं लागतं.

ग्रीन करीचं वाटण आम्ही दगडी खलात केलं. मिक्सर नाही. हिरव्या मिरच्या, गवती चहा, कोळिंजन, मकरूत लिंबाची साल, लसूण, छोटे कांदे, वर भाजलेले धणे-जिरे. धणे-जिरे हो! मी सवयीने कोथिंबिरीची मुळं मोडून बाजूला सारली. पीने ती उचलली, धुतली, माझ्या खलात टाकली. वाटणाला खरा वास ह्या मुळांचाच येतो. आयुष्यभर आपण ती कचऱ्यात टाकत आलो. वीस मिनिटं ठेचत होते, दंड भरून आले, आणि मला आजीचा पाटा आठवत होता. पुढचं तर अजून गमतीचं. आपण नारळाचा रस फुटू नये म्हणून किती जपतो, आमटीला उकळी येऊ देत नाही. तिथे दाट रस मुद्दाम आटवून फोडतात, कडेने तेल सुटलं की त्यात वाटण परततात. एकच नारळ, आणि दोन्ही रीती बरोबर.

आणि ज्या मिरचीवरून आपण "आपल्यासारखं तिखट कोणी खात नाही" म्हणून मिरवतो, ती ना आपली ना त्यांची. ती अमेरिकेतून आली, पोर्तुगीजांच्या जहाजांमागून. 1510 मध्ये त्यांनी गोवा घेतला आणि 1511 मध्ये त्यांचा माणूस अयुथ्थयाच्या, म्हणजे थायलंडच्या जुन्या राजधानीच्या, दरबारात पोचला. एकाच मिरचीची दोन सासरं आहेत ही.

आता त्या टोमण्याबद्दल. "घरी स्वयंपाक कमी पडतो का?"

नाही, कमी पडत नाही. एकतीस वर्षं करतेय. कढईपाशी उभी असताना पीने प्रत्येकाला विचारलं, मिरच्या किती? माझ्यापाशी आली, मला उत्तरच सुचेना. हा प्रश्न मला कोणी विचारलेलाच नव्हता. सासूबाईंना तिखट सोसायचं नाही, ह्यांना पित्त, पोरगी लहान असताना तर सगळंच अळणी. मला किती तिखट आवडतं, ते माझं मलाच आठवेना. मग म्हटलं, पाच. त्या बारक्या मिरच्या, त्यांच्या भाषेत उंदराच्या लेंड्यांएवढ्या, पाच घातल्या. आणि त्या क्लासची पद्धत अशी की ज्याने त्याने आपलं रांधायचं आणि आपणच लगेच बसून खायचं. ताटली घेऊन बाहेरच्या बाकावर बसले. भातातून वाफ येत होती. सगळ्यांच्या पोळ्या झाल्यावर उरलेल्या गार आमटीबरोबर नाही, पहिल्या वाफेला, स्वतःच्या चवीचं, स्वतःच्या हातचं. लेक समोर तिची ताटली घेऊन बसली होती, तीही काही बोलली नाही, मीही नाही. नाकातून पाणी येत होतं आणि मी थांबत नव्हते.

ह्यासाठी भरले मी बाराशे बाथ. पुन्हा भरीन.

सगळेच क्लास असे नसतील, हेही सांगते. काही ठिकाणी वाटण आधीच तयार असतं, आपण नुसतं ढवळायचं आणि फोटो काढायचे, असं लेकीची मैत्रीण सांगत होती. जाणार असाल तर वाटण स्वतः करायला देतात का, एवढं विचारून घ्या.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. पंगतीतली माणसं वाईट नाहीत, माझीच आहेत. ज्यांनी महाराजांचं कौतुक केलं ते माझ्या बाळंतपणात रात्री रिक्षा शोधत धावले होते. कदाचित त्यांना कोणी हातात धरून हुंगायलाच लावलं नसेल. पण हसू नका हो. नाही आवडलं तर नका खाऊ, पण हसू नका. त्या क्षणी पीला माझ्यावर हसणं किती सोपं होतं, हे मला रोज दिवा लावताना आठवतं.

तर, येत्या रविवारी दुपारी मी ग्रीन करी करणार आहे. दगडी खल नाही माझ्याकडे, पण आजीचा पाटा माळ्यावरून काढून टाकी मारून आणलाय. कोळिंजन दादरला मिळालं, होरफा कुंडीत आहे. भाजीवाल्याला सांगून ठेवलंय की कोथिंबिरीची मुळं कापू नकोस, तो आधी माझ्याकडे बघतच राहिला, आता न सांगता ठेवतो. आज पंगतीत होतात त्या सगळ्यांना आमंत्रण आहे, भावजी, तुम्हाला आधी. मासे न खाणाऱ्यांचं वेगळं करीन. मिरच्या किती घालायच्या ते प्रत्येकाने शनिवारपर्यंत कळवा.