विरघळलं का रे?

आईच्या मते मी गोव्यातल्या कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत, प्रयोगशाळेत, पाण्यात साखर ढवळायला जातो. साखर असती तर काय हवं होतं!

एप्रिलात माझ्या टेबलावर डायक्युमिल पेरॉक्साइड येऊन पडलं. केबलच्या वेष्टनातलं पॉलिथिलीन उष्णतेला नरम पडू नये म्हणून त्याच्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींना जखडायला हे वापरतात. सर म्हणाले, "पाण्यात किती विरघळतं तेवढं सांग." तेवढंच! मध्ये दोन ऑक्सिजन, दोन्ही अंगांना बेन्झिनची कडी दाराशी आडवी बसलेली. पाण्याशी बोलायला बाहेर येणार कोण?

"गरम पाण्यात घाल," आईचा सल्ला. पण हे चाळीस अंशांच्या आसपास वितळतं, आणि पेरॉक्साइड जास्त तापवलं, रगडलं किंवा गंजका चमचा लावला की बिथरतं. "मग करवंटीचा डवला ने," आई म्हणाली. मी प्लास्टिकचा चमचा नेला. तत्त्व तिचंच.

विरघळणं मोजायची ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची १०५ क्रमांकाची पद्धत सांगते, आधी ३० अंशांवर ढवळा, मग २० अंशांवर चोवीस तास ठेवा. ३० अंशांसाठी मे महिन्यात आम्ही फक्त खिडकी उघडतो. २० अंशांसाठी मात्र थंड पाण्याचं कुंड आणि विजेची कृपा लागते. दोनदा वीज गेली, कुंड २७ वर. पुन्हा श्रीगणेशा.

शेवटी तीन बाटल्यांचे आकडे आले. लिटरला मिलिग्रॅम ६, २ आणि साडेतीन. शेवटचे दोन पंधरा टक्क्यांच्या आत जुळायला हवेत, म्हणून सरांनी विचारलं, "तिसरीत काय घातलंस?" दिवे घालवून बाटलीवर टॉर्च मारला, तर कौलांतल्या काचेतून घरात उतरणाऱ्या कवडशासारखी झोताची रेघ स्वच्छ दिसली. म्हणजे विरघळलं नव्हतंच, नुसतं तरंगत होतं. गाळून पाहिलं. आकडा शून्य! सगळं गाळणीलाच चिकटून बसलं होतं.

मग पद्धतीचं पहिलं पान वाचलं (आधी वाचायला हवं होतं, हे कबूल). लिटरला १० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर बाटलीत ढवळणं नको, काचेच्या मण्यांवर त्या पदार्थाचा लेप द्या, नळीत भरा आणि वरून पाणी हळूहळू सोडा. मी दिवसच्या दिवस थेंब मोजत बसलो, काजूच्या भट्टीवर बसावं तसा. फरक एवढाच की तिथे शेवटी काहीतरी हाती लागतं. लागोपाठ पाच नमुने साधारण जुळले तेव्हा जून लागला होता. उत्तर एक मिलिग्रॅमच्याही आत. गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीत एक ग्रॅमसुद्धा नाही!

मण्यांना लेप देताना बाहीवर शिंतोडा उडाला होता. द्रावक उडून गेलं, पांढरट डाग राहिला. आईने शर्ट रात्री बादलीत भिजत घातला, सकाळी उजेडात धरून पाहिला आणि म्हणाली, "अरे, हे काही पाण्याने सुटायचं नाही."