वजाबाईचं उत्तर: 'फळा-खडू' यांच्यासाठी

नमस्कार.

मागच्या रविवारच्या माझ्या लेखावर 'फळा-खडू' या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. मी लिहिलं होतं की आमच्या तंत्रनिकेतनात मूडलला (ऑनलाइन वर्गाच्या प्रणालीला) जोडलेला एआय अभ्याससोबती मुलं मध्यरात्री उघडतात आणि वर्गात जे विचारत नाहीत ते त्याला विचारतात. प्रतिक्रियेत चार आक्षेप आहेत. जिल वॉटसन या एआय शिक्षक-साहाय्यकाचं साल मी चुकवलं. तुर्कस्तानातल्या चॅटबॉटच्या प्रयोगाबद्दल मूग गिळून बसले. मुलांचं सोबतीशी झालेलं बोलणं मी वाचते, हे योग्य नाही. चौथा आक्षेप आपल्याच शब्दांत देते: "ज्याला मास्तरांसमोर हात वर करता येत नाही त्याला यंत्र देणं म्हणजे भित्र्याला पांघरूण देणं. बाई, तुम्ही स्वतः वर्गात कधी हात वर केला असेल असं लेखावरून वाटत नाही!!!"

उद्गारचिन्हं मोजली. तीन आहेत.

आधी साल. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठात प्राध्यापक अशोक गोयल यांनी जिल वॉटसन वर्गात आणली ती २०१६ मध्ये. मी २०१८ लिहिलं होतं. चूक माझी, दुरुस्त केली, आभार. पण एका आकड्यावरून "अभ्यास न करता लिहिणाऱ्यांची जत्रा" असं म्हणायची गरज होती का? जिल काही शिकवत नव्हती, मुदत कधी संपते, फाइल कोणत्या प्रकारात द्यायची एवढंच सांगत होती, हेही आपलं बरोबर आहे. तीनशेच्या आसपास मुलं आणि सत्राला दहा हजार प्रश्न, तेव्हा तेवढं सांगणंही काही कमी नव्हतं. शिवाय ९७ टक्के खात्री असेल तरच उत्तर द्यायचं असा दंडक तिला घातलेला होता. असा दंडक स्टाफरूममध्ये लावून बघावा, किती जण बोलतात ते कळेल.

आता हात वर करण्याबद्दल.

साल १९८९, हे मात्र मला नीट आठवतं. सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातली शाळा, आठवी ब. मुली डावीकडे, मुलं उजवीकडे. गुरुजींनी फळ्यावर लिहिलं, 'उणे गुणिले उणे बरोबर अधिक', आणि खाली दोन रेघा मारल्या. मी हात वर केला आणि विचारलं, "पण का?" इतकंच. गुरुजींनी खडू खाली ठेवला, मुलांच्या बाजूला बघून म्हणाले, "ह्यांना का ते पाहिजे," आणि मला बाकावर उभं केलं. वर्ग हसला. हसणाऱ्यांत माझ्या शेजारी बसणारी मैत्रीणही होती, तिचा मला अजून राग आहे. मधल्या सुट्टीपर्यंत माझं नाव 'वजाबाई' झालं होतं आणि ते दहावीच्या निरोपसमारंभापर्यंत टिकलं. माझ्या आतेभावानं लग्नाच्या पंगतीत ते माझ्या नवऱ्यालाही सांगितलं.

उत्तर मला मिळालं वर्षभरानं, थोरल्या मावसभावाच्या एका जुन्या पुस्तकात. उणे तीन गुणिले दोन म्हणजे उणे सहा, गुणिले एक म्हणजे उणे तीन, गुणिले शून्य म्हणजे शून्य. पायरीपायरीनं तीन वाढत चाललेत, मग गुणिले उणे एक केलं की अधिक तीनच यायला हवेत. एवढंच होतं. फळ्यावर एका मिनिटाचं काम. त्याच्यासाठी मी बाकावर पाऊण तास उभी होते.

तर हो, हात वर केला होता. एकदा. त्यानंतर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षापर्यंत तो खांद्याच्या वर गेला नाही. याला आपण भित्रेपणा म्हणता. चौतीस वर्षं शिकवलंत असं आपणच लिहिलंय. त्या चौतीस वर्षांत आपल्या वर्गातले किती हात एकदा वर जाऊन कायमचे खाली आले, याची मोजदाद आपल्याकडे असेल असं मला तरी आपल्या प्रतिक्रियेवरून वाटत नाही. (एकही उद्गारचिन्ह नाही, बघा.)

यंत्रावर माझा आंधळा भरवसा आहे असंही नाही. २०२० च्या टाळेबंदीत आमचं मूडल सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. पीडीएफ चढवायच्या, चाचण्या लावायच्या, पासवर्ड विसरलेल्यांचे फोन घ्यायचे. शंकांसाठी मी हौसेनं चर्चेचं वेगळं पान उघडलं. अख्ख्या सत्रात तिथे शंका किती आल्या? तीन. त्यातल्या दोन 'मॅडम, सबमिशनची लास्ट डेट?' अशा. कारण साधं होतं, शंकेपुढे नाव दिसायचं. वर्ग पडद्यावर गेला तरी डावी-उजवी बाजू गेली नव्हती.

सोबती जोडल्यावर गेल्या सत्रातली एक नोंद, रात्री १ वाजून १० मिनिटांची. विद्युत विभागाचा तिसऱ्या वर्षाचा मुलगा. त्यानं आधी लिहिलंय, "एक शंका आहे, हसू नका." यंत्राला लिहितोय तो, हसू नका म्हणून. मग शंका: "२३० व्होल्ट म्हणजे नक्की कुठले २३०? ग्राफमध्ये तर व्होल्टेज सारखं बदलतंय." सोबतीनं आर.एम.एस.ची (बदलत्या व्होल्टेजच्या परिणामकारक मूल्याची) व्याख्या त्याच्या तोंडावर फेकली नाही. उलट विचारलं, हा एसी (उलटसुलट बदलणारा) प्रवाह हीटरला जेवढी उष्णता देतो तेवढीच देणारा डीसी (एकाच दिशेचा, स्थिर) किती व्होल्टचा लागेल? सतरा मिनिटं काही नाही. मग: "म्हणजे २३० हे शिखर नाही. शिखर ३२५ च्या आसपास."

हा मुलगा सुट्टीत मामाबरोबर घरांच्या वायरिंगची कामं करतो. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. हा प्रश्न त्यानं चाळीस जणांसमोर कोणत्या तोंडानं विचारायचा होता, ते तुम्ही सांगा. माझ्या वर्गातही त्यानं तो विचारला नाही, आणि मी कुणाला बाकावर उभं करत नाही.

तुर्कस्तानचा प्रयोग मी वाचलेला आहे, लिंक द्यायची गरज नव्हती. जवळजवळ हजार शाळकरी मुलं, गणित. साधा चॅटबॉट दिलेल्यांनी सरावात ४८ टक्के जास्त कमावलं आणि तो काढून घेतल्यावर परीक्षेत, तो कधीच न मिळालेल्या मुलांपेक्षा १७ टक्के मागे पडली. मान्य. पण त्याच प्रयोगात दुसरा गट होता, उत्तर न देता इशारे देणाऱ्या चॅटबॉटचा. त्यांचं हे नुकसान जवळजवळ झालं नाही. (फायदाही दिसला नाही, हे तुम्ही म्हणण्याआधी मीच म्हणते.) आमचा सोबती त्या दुसऱ्या जातीचा आहे. विषय संपला.

नोंदी मी वाचते, कारण तो मुलांना भलतंच काही सांगत नाही ना हे कुणीतरी बघायलाच हवं. पहिल्या पानावर तशी सूचना आहे. बारीक अक्षरात आहे, ठीक आहे. वरची नोंद त्या मुलाला विचारूनच दिली आहे. यावर पुन्हा कधीतरी.

आणि 'बाई' म्हटल्याबद्दल तक्रार नाही. आमच्याकडे शिक्षिकेला बाईच म्हणायचे, मॅडम ही पॉलिटेक्निकची देणगी. फक्त पुढच्या वेळी खरं नाव लिहा. मी माझं टोपणनावसुद्धा सांगून बसले आहे.

ता.क. 'सहाय्यक' नव्हे, 'साहाय्यक'. हेही आपलं बरोबर. लेखात पाच ठिकाणी होतं, पाचही बदललेत.