पोरांच्या हातात पत्ते? होय, गुरुजी

गुरुजी, नमस्कार. शाळेत दुपारच्या खिचडीआधी मी पोरांना पत्त्यांच्या डावातून स्वच्छता शिकवते, हे सांगणाऱ्या 'खिचडीआधी एक डाव' या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत की पत्त्यांपायी गावं बुडाली, आता शाळेनंच पोरांना ते शिकवायचे का. आणि हात धुवायला साबण लागतो, खेळ नाही. साबणाचं म्हणणं एकदम मान्य. पत्त्यांवरून मात्र थोडं भांडते.

पारावरची तीनपत्ती मलाही दिसते. आपल्याकडचा पोळा तर जुगारापायीच बदनाम. पण आमचा डाव गुलामचोराचा आहे. वह्यांच्या पुठ्ठ्यांचे 41 पत्ते: 20 जोड्या आणि एक एकटा. एका पत्त्यावर भानगड, दुसऱ्यावर उपाय. 'कोंबडी चिरलेली विळी' आली की 'साबणानं धुवा, मगच भाजी चिरा' शोधायचा. एकटा पत्ता कीटकनाशकाच्या रिकाम्या कॅनचा. तो कितीही घासला तरी पिण्याच्या पाण्याला चालत नाही, म्हणून त्याला जोडीच ठेवलेली नाही.

हा पत्ता पाचवीतल्या एका मुलीकडे उरला. ती रुसून म्हणाली, "मॅडम, आमच्या घरून तं यातच पाणी जाते वावरात. अन् त्यावर हिरवं असते, म्हंजे चांगला." मी चाटच पडले. बिस्किटाच्या पुड्यावरचा हिरवा ठिपका शाकाहाराचा, हे मीच शिकवलं होतं. कॅनवरचा हिरवा त्रिकोण वेगळा. लाल, पिवळा, निळा, हिरवा अशी विषाची उतरती भाजणी आहे. हिरवा म्हणजे त्यातल्या त्यात कमी, पण विषच. 2017 साली फवारणीच्या विषबाधेनं यवतमाळ जिल्ह्यात माणसं दगावली, त्याच कापूसपट्ट्यातली ही लेकरं. चार वर्षं मी फळ्यासमोर हेच बोलत होते आणि वर्ग एका सुरात "हो मॅडम" म्हणत होता. डोक्यातला हिरव्याचा घोळ बाहेर काढला तो डावानं.

आता माझी चूक सांगते, जी तुमच्याही नजरेतून सुटली. पहिल्या संचात 'दुपारपासून झाकून ठेवलेला भात' याची जोडी मी 'चांगला गरम करा' अशी लावली होती. चुकीची. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते रुजतात, वाढतात आणि त्यातून उलट्या करणारं विष तयार होतं. ते फोडणी दिल्यानं जात नाही. शिजलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या उन्हात तर त्याआधीच घाई करावी. पण फ्रिज किती घरांत? म्हणून नव्या पत्त्यावर 'लागेल तेवढाच शिजवा' लिहिलंय. फोडणीच्या भातावर जीव असलेली पोरं तेव्हापासून माझ्यावर नाराज आहेत, ते असो.

आणि साबण. तो हापशीजवळ जाळीच्या पिशवीत टांगलाय, दर महिन्याला माझ्याच पैशानं. ज्याच्या हातात कॅन उरला त्यानं हापसायचं, बाकीच्यांनी रांगेत हात धुवायचे, शेवटी त्याच्यासाठी दुसऱ्यानं हापसायचं. काल कॅन माझ्याकडेच उरला. 27 पोरांचे हात धुऊन होईस्तोवर माझा दंड भरून आला होता.