विकत घेतलेल्या सीडीवर रेडिओ चालत नाही

अमेरिकेतील मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून ‘इंटरनेट रेडिओ सुरू करा, रॉयल्टीला घाबरू नका’ अशा मथळ्याचा एक मजकूर फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: सीडी विकत घेतली की ती वाजवण्याचा हक्क आपोआप मिळतो, जाहिराती नसलेल्या हौशी केंद्राला काही भरावे लागत नाही, नेहमीचा रेडिओ रॉयल्टी देत नाही, तर आपण का द्यावी, भारतीय गाण्यांना अमेरिकेचा कायदा लागू नाही, आणि तसेही हे पैसे कंपन्या खातात, गायकाला छदामही मिळत नाही. एरवी असले मजकूर मी न वाचता पुसून टाकतो. हा मात्र माझ्या भाच्याने पाठवला आणि खाली लिहिले, ‘मामा, मार्ग मोकळा!’ तोवर त्याने साडेतीनशे सीडींमधली गाणी संगणकावर उतरवून घेतली होती.

सीडी घेतली म्हणजे ती चकती आपली झाली. ती घरी ऐकावी, भेट द्यावी, जुन्या बाजारात विकावी; तिच्यावरचे गाणे चारचौघांना प्रक्षेपित करण्याचा हक्क त्या किमतीत येत नाही. ध्वनिमुद्रणाच्या डिजिटल प्रक्षेपणाचा हक्क अमेरिकेत १९९५च्या कायद्याने निर्माण झाला आणि १९९८च्या दुरुस्तीने इंटरनेट रेडिओ परवान्याच्या कक्षेत आला. मजकूर लिहिणाऱ्याने कॉपीराइट कायद्याचे कलम ११४ एकदा जरी चाळले असते, तरी त्याला दिसले असते की कायदा इथे अडवणूक करत नाही. उलट एकेका कंपनीचे उंबरठे न झिजवता, रीतसर सूचना देऊन, ठरलेला दर भरून आणि अटी पाळून प्रकाशित ध्वनिमुद्रणे वाजवण्याची सोय करून देतो. अटी मात्र बारीक आहेत. तीन तासांत एका अल्बममधली तीनपेक्षा जास्त गाणी लावता येत नाहीत आणि त्यातली दोनच लागोपाठ. एका कलावंताची चारपेक्षा जास्त नाहीत आणि त्यातली तीनच लागोपाठ. पुढे कोणते गाणे लागणार याची यादी आधी जाहीर करता येत नाही. दर रविवारी एकाच गायिकेची गाणी सलग तीन तास लावायची, असा भाच्याचा बेत होता. तो पैसे भरूनही या परवान्यात बसत नाही, मग फुकटात कुठून बसणार? शिवाय हा परवाना फक्त ध्वनिमुद्रणाचा. गीतकार-संगीतकारांसाठी आस्कॅप, बीएमआय, सेसॅक यांसारख्या संस्थांशी वेगळा व्यवहार करावा लागतो.

‘छोट्या केंद्राकडे कोण बघतो’ हे त्या मजकुरातले सर्वांत बेजबाबदार वाक्य आहे. परवान्याविना वाजवलेल्या प्रत्येक कलाकृतीमागे न्यायालय साधारणपणे ७५० ते ३०,००० डॉलर आणि जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनात १,५०,००० डॉलरपर्यंत वैधानिक भरपाई लावू शकते. साडेतीनशे सीडी जमवणाऱ्याला हा सल्ला देणाऱ्याने निदान एक साधा गुणाकार करून बघायला हवा होता.

‘हौशी म्हणजे माफ’ हेही खोटे. जाहिरात नसणे आणि ना-नफा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ना-नफा दर मिळण्यासाठी संस्थेला करमुक्त दर्जा असावा लागतो किंवा त्यासाठी अर्ज केलेला असावा लागतो. अशा केंद्राला २०२१ ते २०२५च्या दरांनुसार वर्षाला किमान १,००० डॉलर भरून महिन्याला १,५९,१४० श्रोता-तासांपर्यंत, म्हणजे सरासरी २१८ श्रोते चोवीस तास ऐकत राहिले तरी, ध्वनिमुद्रणांसाठी जादा काही द्यावे लागत नव्हते. थोडक्यात, माफी नाही, पण चार हौशी माणसांनी वर्गणी काढून संस्था नोंदवली तर झेपणारी ती रक्कम होती.

नेहमीच्या रेडिओबद्दलचा मुद्दा अर्धा खरा आहे आणि तो मान्य करताना मला आनंद होत नाही. अमेरिकेतला एएम-एफएम रेडिओ हवेतून प्रक्षेपण करताना गीतकार-संगीतकारांना पैसे देतो, पण गायक, वादक आणि ध्वनिमुद्रण कंपनी यांना देत नाही. तेच गाणे इंटरनेटवरून सोडले की द्यावे लागतात. हा भेदभाव आहेच. दर कसे जाचक होऊ शकतात हेही दिसले आहे. मार्च २००७मध्ये कॉपीराइट रॉयल्टी बोर्डाने एका श्रोत्याने ऐकलेल्या एका गाण्याचा दर २००६साठी ०.०८ सेंट आणि चढत चढत २०१०साठी ०.१९ सेंट ठरवला, तोही मागे जाऊन २००६पासून लागू. सरासरी शंभर श्रोते आणि तासाला पंधरा गाणी धरली तर वर्षाला १,३१,४०,००० वादने होतात. म्हणजे पहिल्या दराने सुमारे १०,५०० डॉलर आणि शेवटच्या दराने जवळपास २५,०००. श्रोते तेवढेच, बिल अडीचपटीच्या घरात! २६ जून २००७ रोजी अनेक इंटरनेट केंद्रांनी निषेध म्हणून दिवसभर मौन पाळले ते उगाच नव्हे. पुढच्या तडजोडीने छोट्या केंद्रांना उत्पन्नाच्या टक्केवारीवर भरण्याची मुभा मिळाली, ती २०१५अखेर संपली, आणि जानेवारी २०१६मध्ये इंटरनेट केंद्रे चालवण्याची सेवा देणारे, हजारो छोट्या केंद्रांचा आधार असलेले लाइव्ह३६५ बंद पडले. वर्षभराने ते नव्या मालकाकडे पुन्हा सुरू झाले. दर जाचक आहेत, ही तक्रार बोर्डापुढे आणि काँग्रेसपुढे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेपुढे, मांडायची असते. तिच्यातून फुकट वाजवण्याची परवानगी निघत नाही.

भारतीय गाण्यांविषयीच्या मुद्द्यावर फार शाई खर्च करण्यात अर्थ नाही. एकमेकांच्या देशांतल्या कलाकृतींना कॉपीराइटचे संरक्षण देणाऱ्या बर्न करारात भारत १९२८पासून आणि अमेरिका १९८९पासून आहे, आणि जागतिक व्यापार संघटनेच्या सदस्य देशांतल्या ध्वनिमुद्रणांनाही अमेरिकेचा कायदा संरक्षण देतो.

राहिला छदामाचा प्रश्न. या परवान्यापोटी साउंडएक्सचेंज या रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या संस्थेकडे जमणाऱ्या रकमेचे वाटप त्याच कलम ११४मध्ये लिहिलेले आहे: ५० टक्के ध्वनिमुद्रणाच्या हक्कधारकाला, ४५ टक्के मुख्य कलावंताला, ५ टक्के साथीच्या वादक-गायकांना. कलावंताचा वाटा कंपनीच्या हातातून जात नाही. तो अडकतो तेव्हा बहुधा दोन कारणे असतात: कलावंताने नाव नोंदवलेले नसते, किंवा केंद्राने पाठवलेल्या अहवालात नाव चुकीचे असते. भाच्याच्या संगणकातली निम्मी गाणी ‘ट्रॅक ०४, अज्ञात कलावंत’ अशा नावाने पडून आहेत. सध्या तो सीडींची वेष्टने पुढ्यात घेऊन एकेका गाण्यापुढे गायक, अल्बम आणि कंपनी लिहीत बसला आहे.