बारी कुडाळची, निवाडा कॅलिफोर्नियाचा

गणपती आले की सिंधुदुर्ग-रत्नागिरीत डबलबारीचे, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्याचे, यूट्यूबवर थेट प्रक्षेपण सुरू होते. गावात रात्री दहाला पहिला बुवा पेटीवर बसला की जर्मनीत संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात, दुबईत साडेआठ. कामावरून आलेला चाकरमानी जेवताजेवता बारी ऐकतो. आणि ऐन गजराला, म्हणजे बारीच्या सर्वांत रंगलेल्या भागाला, पडद्यावर एक ठोकळा चित्र येऊन आवाज बंद होतो. कधी प्रक्षेपण नीट पार पडते, पण सकाळी व्हिडिओ 'कॉपीराइटमुळे उपलब्ध नाही' झालेला असतो. मग वाडीच्या ग्रुपवर ठरलेला वाद पेटतो. एक बाजू म्हणते, फुकटेपणाची सवय लागली आहे, परदेशात असले काही चालवून घेत नाहीत. दुसरी म्हणते, देवाच्या भजनावर कसला आलाय कॉपीराइट, ही सगळी कंपन्यांची दादागिरी.

पहिल्या बाजूला परदेश हवा तसा वापरायला मिळतो, म्हणून त्याचे आधी. जर्मनीत देवळातल्या किंवा चर्चमधल्या कार्यक्रमात संगीत वाजवायला कायदा परवानगी देतो, पण मोबदला द्यावाच लागतो. महाराष्ट्र मंडळाने गणपतीला हॉल घेऊन गाणी वाजवली, तर गेमा या वसुली संस्थेला आधी कळवायचे, दरपत्रकाप्रमाणे पैसे भरायचे. न कळवता वाजवले आणि सापडले, तर दुप्पट आकार. शिवाय वाजलेले संगीत गेमाच्याच यादीतले आहे असे कोर्ट गृहीत धरते. नाही म्हणणाऱ्याने ते सिद्ध करायचे.

आपला 1957चा कॉपीराइट कायदा याहून बराच सढळ आहे. कलम 52(1)(झेडए) प्रामाणिक धार्मिक समारंभातल्या सादरीकरणाला पूर्ण सूट देते, मोबदला न मागता. लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले सोहळेही त्यातच धरले आहेत. कलम 52(1)(एल) हौशी मंडळाला फुकट्या प्रेक्षकांसमोर किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी प्रयोग करायची मुभा देते. म्हणजे 'परदेशात कडक, आपल्याकडे ढिले' हे अर्धेच खरे. आपल्याकडे कायद्यानेच जागा मोकळी ठेवली आहे, ती कोणी चोरलेली नाही.

पण ही सूट रबरासारखी ताणता येत नाही, हे दुसऱ्या बाजूने ऐकायला हवे. शेजारच्या गोव्यात सरकारने 30 जानेवारी 2024ला परिपत्रक काढून लग्नातल्या गाण्यांसाठी कोणी परवानगी किंवा पैसे मागू नयेत असे सांगितले. मुंबई हायकोर्टाच्या गोवा खंडपीठाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते रद्द केले. कायद्यात जेवढे लिहिले आहे त्यापलीकडे सूट वाढवण्याचा अधिकार परिपत्रकाला नाही. आता डबलबारीचे बघा. समारंभ देवाचा, पण बुवांना मानधन ठरलेले, म्हणजे हौशी मंडळाचे कलम लागू होणे कठीण. मांडवातले गाणे धार्मिक समारंभात बसते. मात्र त्याचे रेकॉर्डिंग चॅनेलवर कायमचे ठेवून जाहिरातीचे पैसे घेणे हे 'समारंभाच्या ओघात' आहे, असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. थेट प्रक्षेपण या दोहोंच्या मधे कुठेतरी येते.

गाडी अडते ती बहुतेक वेळा गजराला. रूपावली, अभंग, गवळण हे बारीचे आधीचे भाग बिनत्रास निघून जातात. गजराला बुवा स्वतःचे शब्द चालू सिनेमाच्या चालीवर बांधतो, आणि मांडव त्याचीच वाट बघत असतो. भजनात तीन वेगवेगळे थर असतात, हे नीट धरले की निम्मे भांडण मिटते. शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. तुकोबांचे शब्द कोणाच्या मालकीचे नाहीत. पण त्यांना एखाद्या संगीतकाराने दिलेली चाल त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षे त्याच्या वारसांची, किंवा ज्याला विकली त्याची. ध्वनिमुद्रणाची मुदत प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षे. 1965 साली निघालेली तबकडी 31 डिसेंबर 2025ला मोकळी होते, तिच्यातली चाल मात्र तेवढ्याने नाही. यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा ध्वनिमुद्रणाचा ठसा जुळवते, तशी नुसती चालही जुळवते. म्हणून पेटी-पखवाजावर बुवाने स्वतः गायलेले असूनही दावा येतो, आणि 'आम्ही कुणाचे गाणे वाजवले नाही, गायले' हा बचाव लंगडा पडतो.

यावर 'मग रीतसर लायसन्स घ्या ना' असे सांगणारे भेटतात. कायद्यात दुसऱ्याच्या चालीवर आपले ध्वनिमुद्रण काढायची वाट आहे, कलम 31सी. मूळ गाणे निघाल्यावर पाच कॅलेंडर वर्षे थांबायचे, आधी नोटीस द्यायची, आणि दर वर्षी प्रत्येक गाण्याच्या किमान 50,000 प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरायची. एखाद्या भाषेतल्या किंवा बोलीतल्या कामासाठी हा आकडा कमी करता येईल, अशी तरतूदही तिथेच आहे. पण वाट कॅसेट कंपनीसाठी आखलेली. वाडीतल्या बुवाला तिचा उपयोग शून्य.

दावा आल्यावर काय करायचे ते नेमके सांगतो, कारण घाबरून व्हिडिओ पुसून टाकणारे खूप आहेत. दावा आणि स्ट्राइक या वेगळ्या गोष्टी. दाव्याने चॅनेलला इजा होत नाही. फार तर त्या व्हिडिओच्या जाहिरातीचे पैसे दुसरीकडे जातात किंवा तो काही किंवा सगळ्या देशांत दिसत नाही. यूट्यूब स्टुडिओत व्हिडिओच्या ओळीत 'कॉपीराइट' दिसते, त्यात दावा कितव्या मिनिटापासून कितव्या मिनिटापर्यंत आहे ते लिहिलेले असते. चार तासांच्या बारीत चार मिनिटांचा गजर अडकला असेल, तर तेवढाच तुकडा कापून किंवा मूक करून बाकीचे वाचते. दावा खोटाच असेल, म्हणजे पारंपरिक चाल असूनही कंपनीने आपली म्हणून लावली असेल, तर हरकत नोंदवायची. समोरच्याला उत्तरासाठी 30 दिवस मिळतात. त्याने दावा कायम ठेवला तर अपील करता येते, त्याला 7 दिवसांची मुदत. पाच दिवसांच्या आत हरकत घेतली, तर दावा लागल्यापासूनचे पैसे बाजूला धरून ठेवतात. म्हणून गणपती विसर्जनानंतर बघू, असे करू नये.

अपीलानंतर समोरच्याने व्हिडिओ काढायची रीतसर मागणी केली की स्ट्राइक लागतो. 90 दिवसांत तीन स्ट्राइक झाले की चॅनेल बंद. त्यावर प्रतिसूचना, म्हणजे व्हिडिओ परत लावा अशी उलट नोटीस, देता येते, पण त्या अर्जात अमेरिकेबाहेरचा माणूस यूट्यूबचे जिथे ठाणे आहे त्या जिल्ह्याच्या कोर्टाचा अधिकार मान्य करतो. कुडाळात गायलेल्या गजराचा निवाडा कॅलिफोर्नियात! आपल्या 2013च्या कॉपीराइट नियमांत याहून सरळ व्यवस्था आहे: तक्रार आली की 36 तासांत मजकूर बंद करायचा, आणि तक्रारदाराने 21 दिवसांत कोर्टाचा हुकूम आणला नाही तर तो परत सुरू करता येतो. पण बुवाचा व्हिडिओ ज्या यंत्रापुढे अडतो, ते यंत्र या नियमाने चालत नाही, कंपनीच्या करारावर चालते.

जर्मनीकडून काही घ्यायचेच असेल तर ते इथे आहे, आणि शिस्तीचे धडे देणाऱ्यांनी नेमके तेच कधी सांगितलेले नाही. 1 ऑगस्ट 2021पासून तिथे यूट्यूबसारख्या प्लॅटफॉर्मवर एक बंधन आहे. दुसऱ्याच्या कामाचा छोटा तुकडा, म्हणजे 15 सेकंदांपर्यंत ध्वनी किंवा चित्रफीत, 160 अक्षरांपर्यंत मजकूर, आपल्या स्वतःच्या मजकुरात मिसळून, फायद्यासाठी नव्हे असा वापरला, तर तो 'बहुधा परवानगी असलेला' धरायचा. यंत्राने परस्पर अडवायचा नाही. हक्कदाराने तक्रार केली तरी सहसा निकाल लागेपर्यंत व्हिडिओ चालू राहतो, आणि निकाल एका आठवड्यात द्यायचा. अशा वापराचे पैसे प्लॅटफॉर्मने निर्मात्यांना द्यायचे, वापरणाऱ्याने नाही. पंधरा सेकंदांत गजर बसत नाही हे कबूल. पण आधी बंद आणि मग चौकशी, हा क्रम उलटा करता येतो एवढे तरी त्यातून दिसते. ग्रुपवर 'परदेशात बघा' म्हणणाऱ्यांनी हे बघावे.

आता जरा प्रक्षेपणाच्या साधनांकडे. बंद पडलेले प्रत्येक प्रक्षेपण कॉपीराइटने पडत नाही. 720पीचे प्रक्षेपण 4 एमबीपीएसने केले तर तासाला 1.8 जीबी जाते. रोजच्या दोन जीबीच्या पॅकवर पहिल्या बुवाचा अभंग संपेस्तोवर डेटा संपतो, वेग 64 केबीपीएसवर येतो, आणि बाहेरच्यांना वाटते कंपनीने बंद केले. त्यात गणपतीत सगळी वाडी घरी, एका टॉवरवर अख्खी मुंबई. उपाय साधा आहे. चित्र 480पीवर आणा, एक ते दीड एमबीपीएस, म्हणजे तासाला साधारण अर्धा ते पाऊण जीबी. आवाजाचे 128 केबीपीएस मात्र कमी करू नका, भजन ऐकायचे असते. आवाज फोनच्या माइकने न घेता मिक्सरच्या आउटपुटमधून घ्या, पण सरळ वायर जोडू नका. फोनचा माइक इनपुट त्या पातळीसाठी नसतो, आवाज फाटतो. मध्ये छोटा यूएसबी ऑडिओ इंटरफेस लावा.

आणि दुसरा फोन फक्त रेकॉर्डिंगला ठेवा. तो एअरप्लेन मोडवर, नाहीतर रात्री साडेबाराला कोणाचा तरी फोन येतो आणि रेकॉर्डिंग तिथेच तुटते. 1080पीला मिनिटाला 100 ते 130 एमबी धरा. पाच तासांच्या बारीला 40 जीबी मोकळी जागा हवी. हीच फाइल तुमची खरी मिळकत. प्रक्षेपण ही नुसती तिची सावली, आज आहे उद्या नाही.

जुन्या कॅसेटचे तर जास्तच घाईचे आहे. कोकणातल्या पावसाळ्यात फडताळात पडलेल्या कॅसेटच्या टेपवर कडेने पांढरी बुरशी धरते. तशी कॅसेट लावू नका, बुरशी हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर, जाते आणि तिथून पुढच्या कॅसेटला. आधी हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत काही दिवस ठेवा. मग पाच स्क्रूंचे कवच उघडून रिळाच्या कडा कोरड्या मऊ कापडाने हलके पुसा, तोंडावर मास्क लावून. टेपमागची छोटी स्पंजची गादी गळून पडली असेल तर टेप हेडला चिकटत नाही आणि आवाज दबका येतो. तेव्हा रिळे दुसऱ्या स्क्रूच्या कवचात बसवायची. हेड आणि धातूचा दांडा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, रबरी चाक मात्र साबणाच्या सौम्य पाण्याने. चिकटून बसलेली टेप सुटावी म्हणून एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवा, मगच प्ले.

हेडशेजारचा स्प्रिंगवाला स्क्रू अगदी कणभर फिरवत झांजेचा आवाज सर्वांत लख्ख कुठे येतो ते कानाने शोधा. प्रत्येक कॅसेटला ही जागा वेगळी असते, कारण ती भरणारे यंत्र वेगळे होते. सगळे भरून झाल्यावर 'नंतर सॉफ्टवेअरने ट्रेबल वाढवू' हा मार्ग नाही, जे हेडने उचललेच नाही ते वाढवणार काय? ऑडासिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, सर्वांत मोठा आवाज उणे 6 डेसिबलच्या आसपास. साठ मिनिटांची कॅसेट साधारण एक जीबी होते, आवाज न घटवता फाइल लहान करणाऱ्या फ्लॅक प्रकारात त्याच्या निम्म्या आसपास. फाइलच्या नावातच तारीख, गाव, बुवा आणि पखवाजवाला लिहा. दोन हार्ड डिस्कवर ठेवा, एक गावाबाहेर. जून 2020च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन, दापोली, मंडणगड भागात घरांची छपरे उडाली, तिथे कपाटातली एकुलती प्रत काय कामाची.

भजनाच्या व्हीसीडी असतील तर त्याहून सोपे. त्यांना कुलूप, म्हणजे प्रत काढू न देणारी तांत्रिक सोय, नसते. एमपीईजीएव्ही फोल्डरमधली डीएटी फाइल तशीच उतरवून घ्या, व्हीएलसी हे प्लेअर सॉफ्टवेअर ती वाजवते. लेबलच्या बाजूचा ओरखडा खालच्या बाजूच्या ओरखड्यापेक्षा वाईट, कारण चांदीचा थर लेबलच्या लगेच खाली असतो. कुलूपवाल्या डीव्हीडीचा प्रश्न वेगळा. जर्मनीत खासगी प्रत काढायचा हक्क आहे, त्यापोटी फोन आणि डिस्कच्या किमतीतून पैसेही कापलेले असतात, पण कुलूप तोडायला मनाई. एका हाताने दिले, दुसऱ्याने काढून घेतले. आपल्या कॉपीराइट कायद्यातले 2012चे कलम 65ए कुलूप तोडणे गुन्हा ठरवते ते हक्कभंग करायच्या हेतूने केले तर. इथेही घरचा कायदा बरा निघतो.

उतरवलेली कॅसेट घरी ऐकायला, अभ्यासाला ठेवणे बिनघोर आहे. चॅनेलवर चढवणे नाही. कॅसेट काढणारी छोटी कंपनी कधीच बंद पडली, मालक कोण ते कोणालाच माहीत नाही, अशा कामांसाठी कलम 31ए आहे. त्यासाठी आता कमर्शियल कोर्टात जावे लागते, आणि कुठलेही गावमंडळ एका कॅसेटसाठी तिथे जाणार नाही.

नव्या बारीच्या वेळी मात्र हा घोळ टाळता येतो. मानधनाची सुपारी देताना अर्ध्या कागदावर चार गोष्टी लिहून दोन्ही बुवांची आणि साथीदारांची सही घ्या: रेकॉर्डिंग कोण करणार, कोणत्या चॅनेलवर किती काळ राहणार, जाहिरातीचे पैसे आले तर वाटणी कशी, आणि मूळ फाइलची एक प्रत बुवाला किती दिवसांत मिळणार. सादर करणारा म्हणून कायद्याने बुवाचा स्वतःचा हक्क 50 वर्षे आहे, पखवाजवाल्याचाही. गजराच्या चालींची यादी बुवाकडून आधी मागून घेतली, तर प्रक्षेपण सांभाळणाऱ्या पोराला कोणत्या वेळी आवाज बंद करायचा तेही कळते. तेवढी चार मिनिटे मांडवात बसलेल्यांची.